तीस दिवसांचा फेब्रुवारी : डेटाबेसने परक्या नियमांना दार कसे उघडले

१/
१५ मार्चमधून १५ फेब्रुवारी वजा केला, तर किती दिवस उरतात? दिनदर्शिका सांगते २८. लीप वर्ष असेल तर २९. अमेरिकेच्या रोखेबाजारातील हिशेबनीस मात्र निःशंकपणे ३० असे उत्तर देतो. आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत. १९८० च्या दशकात या साध्या वजाबाकीने एका नावाजलेल्या डेटाबेसची मर्यादा उघडी पाडली. त्या मर्यादेवर शोधलेला उपाय आज नकाशांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सर्वत्र वापरात आहे. त्या उपायाचा हा इतिहास.

२/
प्रारंभ १९७० सालापासून करावा लागतो. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी त्या वर्षी जूनमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. ती डिस्कवर कोठे आहे, कशी जोडलेली आहे, याची चिंता वापरणाऱ्याने करू नये. काय हवे एवढेच त्याने सांगावे. ते कसे शोधायचे, हे यंत्राने ठरवावे. ‘रिलेशनल डेटाबेस’ या कल्पनेचा हा पाया.

३/
ही कल्पना प्रत्यक्षात उतरवण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. एक आयबीएममध्येच, ‘सिस्टिम आर’ या नावाने. दुसरा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, १९७३ पासून, मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली. या दुसऱ्या प्रकल्पाचे नाव ‘इन्ग्रेस’. ते ‘इंटरॅक्टिव्ह ग्राफिक्स अँड रिट्रीव्हल सिस्टिम’ या शब्दांवरून जुळवलेले होते. नावात ‘ग्राफिक्स’ येण्याचे कारण असे, की शहरी अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना भौगोलिक माहिती साठवता यावी, हा प्रकल्पाचा मूळ हेतू होता.

४/
प्रणाली तयार झाली, नावाजली गेली; पण तिला कळणारे माहितीचे प्रकार अगदी मोजके होते. पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरांच्या ओळी. बँकेची खाती, पगारपत्रके आणि गोदामातील मालाच्या याद्या यांना एवढे पुरत होते. शहराची हद्द मात्र ना एक संख्या असते, ना एक शब्द. ती शेकडो बिंदूंच्या सुट्या नोंदींत मोडून ठेवावी लागे आणि दोन हद्दी एकमेकींना छेदतात का, हे बाहेरच्या प्रोग्रामने तपासावे लागे. नकाशासाठी जन्मलेल्या प्रणालीला नकाशाच नीट सांभाळता येत नव्हता.

५/
इन्ग्रेस विकण्यासाठी १९८० मध्ये कंपनी स्थापन झाली. पुढे तिच्या डेटाबेसमध्ये ‘दिनांक’ हा नवा प्रकार समाविष्ट करण्यात आला. दोन दिनांकांची वजाबाकी ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे होईल, अशी चोख व्यवस्था होती. थोड्याच अवधीत एका ग्राहकाचा दूरध्वनी आला : तुमची वजाबाकी चुकते आहे. स्टोनब्रेकर यांनी हा प्रसंग पुढे जाहीरपणे सांगितला आहे. ग्राहक रोख्यांच्या व्यवहारातला होता आणि त्याची तक्रार खरी होती.

६/
अमेरिकेतील अनेक कॉर्पोरेट रोख्यांवरील व्याज मोजताना प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरण्याची जुनी रीत आहे. समजा, १०,००,००० डॉलरच्या रोख्यांवर द.सा.द.शे. ९ व्याज आहे. १५ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळाचे व्याज रोखेबाजाराच्या रीतीने ७,५०० डॉलर होते. ३६० दिवसांचे वर्ष कायम ठेवून त्यात दिनदर्शिकेचे २८ दिवस घातले, तर ७,००० डॉलर. एका महिन्यात, एका नोंदीत ५०० डॉलरचा फरक! रोखेबाजारात ही चूक क्षम्य नव्हती.

७/
ग्राहकापुढे मार्ग एकच होता. दोन्ही दिनांक डेटाबेसमधून बाहेर काढायचे, आपल्या प्रोग्राममध्ये वजाबाकी करायची आणि उत्तर परत आत नेऊन ठेवायचे. लाखो नोंदींसाठी हा हेलपाटा फार महाग पडे. कंपनीने ‘रोख्यांचा दिनांक’ हा आणखी एक प्रकार करून दिला असता, तर तेवढ्यापुरती सोय झाली असती. पण उद्या यंत्ररचनाकार आपले आराखडे घेऊन येणार, परवा खगोलशास्त्रज्ञ आपली निर्देशांकपद्धती. प्रत्येकाचा नियम कर्त्यांनीच मूळ गाभ्यात कोरायचा म्हटले, तर ते काम कधीच संपणारे नव्हते.

८/
उत्तराचे बीज दुसऱ्या शाखेत पडलेले होते. १९७४ मध्ये एमआयटीतील बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलेस यांनी प्रोग्रामिंग भाषांसाठी ‘अमूर्त प्रकारा’ची कल्पना मांडली. एखादी वस्तू आतून कशी घडली आहे, हे झाकलेले राहू द्यावे. तिच्यावर कोणत्या क्रिया करता येतात, तेवढेच बाहेर सांगावे. बर्कलीच्या मंडळींनी हाच विचार डेटाबेसला लावला. इन्ग्रेसवरील त्यांच्या प्रयोगाचा वृत्तांत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे प्रकार सामावून घेण्यासंबंधी स्टोनब्रेकर यांचा स्वतंत्र निबंध १९८६ मध्ये आला.

९/
हे काम नेमके कसे चालते? इतिहासाच्या वाचकाला परिचित असे एक उदाहरण घेऊ. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत भारतात रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत. जुन्या हिशेबातील ‘३ रुपये १४ आणे ९ पै’ ही नोंद डेटाबेसमध्ये कशी ठेवावी? केवळ अक्षरे म्हणून ठेवली, तर ‘१०-०-०’ ही रक्कम ‘९-१५-११’ च्या आधी लागते. कारण अक्षरक्रमात १ हा अंक ९ च्या आधी येतो. बेरीज तर होतच नाही.

१०/
आता डेटाबेसला ‘आणेवारी’ हा नवा प्रकार शिकवायचा आहे. त्यासाठी प्रथम दोन लहान प्रोग्राम लिहावे लागतात. पहिला ‘३-१४-९’ हे वाचून त्याच्या ७५३ पै करतो आणि तेवढाच पूर्णांक आत साठवतो. दुसरा ७५३ चे पुन्हा ‘३-१४-९’ करून दाखवतो. मग बेरजेचे चिन्ह या प्रकाराला लागू केले जाते. ‘३-१४-९’ अधिक ‘१-३-६’ म्हणजे ७५३ अधिक २३४, अर्थात ९८७ पै. वापरणाऱ्याला उत्तर दिसते ‘५-२-३’.

११/
शेवटी ‘लहान’, ‘समान’, ‘मोठे’ यांचा अर्थ सांगितला, की रकमा क्रमाने लावणे आणि इंडेक्सच्या साह्याने झटपट शोधणे शक्य होते. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या अखेरीस असते तशी सूची. एवढे झाले, की ‘आणेवारी’ हा प्रकार पूर्णांकांच्या पंक्तीला बसतो. डेटाबेसच्या कर्त्यांना आण्याचे नावही ठाऊक असण्याची गरज उरत नाही. रोख्यांचा ३० दिवसांचा फेब्रुवारी याच मार्गाने आत येतो. वजाबाकीच्या चिन्हाला तेथे निराळा अर्थ दिला, की काम झाले.

१२/
हे तत्त्व पायाभूत मानून स्टोनब्रेकर आणि लॉरेन्स रो यांनी १९८६ मध्ये नव्या प्रणालीचा आराखडा मांडला. इन्ग्रेसनंतरची, म्हणून तिचे नाव ‘पोस्टग्रेस’. तिच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक असे होते, की वापरणाऱ्याला नवे प्रकार, नव्या क्रिया आणि माहितीपर्यंत पोहोचण्याच्या नव्या पद्धती जोडता याव्यात. दुसरे उद्दिष्ट तितकेच महत्त्वाचे : हे करताना कॉड यांच्या मूळ कल्पनेत शक्य तितका कमी बदल करावा. घराच्या भिंती जुन्याच ठेवून त्यांत नवे दार बसवायचे होते.

१३/
पोस्टग्रेसची खरी हातोटी तिच्या स्वतःविषयीच्या ज्ञानात आहे. कोणते प्रकार उपलब्ध आहेत, कोणत्या चिन्हाचा कोणत्या प्रकारासाठी काय अर्थ, कोणता प्रोग्राम कोणत्या फाईलमध्ये आहे, हे सारे ती स्वतःच्याच तक्त्यांत नोंदवते. ‘अधिक’ हे चिन्ह दिसले, की ती तक्ता उघडून त्याचा अर्थ पाहते. त्यामुळे नवा प्रकार आणणे म्हणजे त्या तक्त्यांत काही ओळी वाढवणे. प्रकारासोबतचा सी भाषेतील प्रोग्राम प्रणाली चालू असतानाच गरजेच्या वेळी आत ओढून घेतला जातो. मूळ गाभा नव्याने घडवावा लागत नाही.

१४/
नकाशांपुढे तरीही एक अडचण शिल्लक होती. नेहमीचा इंडेक्स ‘बी-ट्री’ या रचनेचा असतो आणि त्याला सर्व मूल्ये एका रेषेत लावता यावी लागतात. शहरांना अशी रेषा नसते. पुण्यापेक्षा नागपूर ‘मोठे’ की ‘लहान’, हा प्रश्न नकाशावर निरर्थक आहे. १९८४ मध्ये बर्कलीतीलच अँटोनिन गटमन यांनी ‘आर-ट्री’ मांडली. प्रत्येक आकृतीभोवती एक आयत कल्पायचा, जवळजवळचे आयत मोठ्या आयतात घालायचे आणि शोधताना ज्या आयताशी संबंध नाही तो संपूर्ण वगळायचा.

१५/
पण प्रत्येक नव्या प्रकारासाठी अशी स्वतंत्र रचना पहिल्यापासून लिहिणे हे तज्ज्ञांचेच काम. १९९५ मध्ये जोसेफ हेलरस्टीन, जेफ्री नॉटन आणि अवि फेफर यांनी त्यावर तोड सुचवली. झाडाच्या आकाराचा एक सर्वसाधारण इंडेक्स, नाव ‘जिस्ट’. प्रकाराच्या कर्त्याने केवळ सहा लहान प्रश्नांची उत्तरे द्यायची. या फांदीत हवी ती वस्तू असू शकेल का? नवी वस्तू कोणत्या फांदीवर ठेवली तर कमी गैरसोय होईल? भरलेली फांदी कशी विभागावी? बाकीचा भार इंडेक्स स्वतः वाहतो.

१६/
या उघड्या दाराची किंमतही होती. परक्याने लिहिलेला सी भाषेतील प्रोग्राम डेटाबेसच्या आत, त्याच स्मृतीत, त्याच अधिकाराने चालतो. त्यात एक चूक असेल, तर चाललेले काम कोसळते. दुष्ट हेतू असेल, तर संपूर्ण खजिना त्याच्या हाती पडतो. म्हणून असा प्रोग्राम जोडण्याचा अधिकार पोस्टग्रेसने सर्वोच्च प्रशासकापुरता राखून ठेवला. पाहुण्यास घरात घ्यायचे, पण उंबऱ्यावर घरधन्याने पारख करायची, अशी ही योजना. विश्वास किती आणि कोणावर, हा प्रश्न त्या दिवसापासून आजतागायत या दाराशी उभा आहे.

१७/
पोस्टग्रेसचे पहिले प्रात्यक्षिक रूप १९८७ मध्ये चालू झाले; पहिली आवृत्ती जून १९८९ मध्ये मोजक्या बाहेरच्या मंडळींच्या हाती पडली. वापर पाहिला, की कल्पनेची ताकद कळते : आर्थिक विश्लेषण, जेट इंजिनांच्या कामगिरीवरील देखरेख, लघुग्रहांचा मागोवा, वैद्यकीय माहिती, भौगोलिक प्रणाली. १९९२ च्या अखेरीस पृथ्वीच्या अभ्यासासाठी उभारलेल्या ‘सेक्वोया २०००’ या प्रकल्पाने तिला आपला मुख्य माहितीसाठा केले. तिला एवढ्या भिन्न विषयांत संचार करता आला, तो प्रत्येक विषयाने आपापले प्रकार सोबत आणल्यामुळे.

१८/
१९९२ मध्येच स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना बाजारात नेली. कंपनीचे नाव पुढे ‘इलस्ट्रा’ झाले आणि तिच्या प्लगइनांना ‘डेटाब्लेड’ म्हणू लागले. रूपक दाढीच्या रेझरचे होते : रेझर एकच, पाती कामाप्रमाणे निराळी. मजकुराचे पाते, चित्रांचे पाते, नकाशांचे पाते. कालक्रमाने येणाऱ्या आकड्यांचेही एक पाते होते आणि बाजार कोणत्या दिवशी चालू, कोणत्या दिवशी बंद, याची दिनदर्शिका त्यात ग्राहकाला स्वतः आखता येई. वॉल स्ट्रीटच्या जुन्या गाऱ्हाण्याला आता विकत घेता येण्याजोगे उत्तर मिळाले होते.

१९/
१९९६ च्या प्रारंभी इन्फॉर्मिक्स या मोठ्या कंपनीने इलस्ट्रा आपल्यात विलीन करून घेतली. प्रतिस्पर्धीही मागे राहिले नाहीत. आयबीएमने ‘एक्स्टेंडर’ आणले, ओरॅकलने ‘कार्ट्रिज’. दाराची आवश्यकता आता सर्वांना मान्य होती. परक्याचा प्रोग्राम गाभ्यात चालू द्यावा की बाहेर ठेवावा, यावर वाद होता. तो वाद बाजारात निकाली निघण्याआधीच इन्फॉर्मिक्स १९९७ मध्ये आर्थिक संकटात सापडली. विक्री घसरली, मागील हिशेब दुरुस्त करून पुन्हा जाहीर करावे लागले. २००१ मध्ये तिचा डेटाबेस व्यवसाय आयबीएमने १ अब्ज डॉलरला घेतला.

२०/
कल्पना मात्र त्या पडझडीत सापडली नाही. बर्कलीचा प्रकल्प १९९४ मध्ये आवृत्ती ४.२ वर अधिकृतपणे थांबला होता. परंतु त्याचा स्रोत मुक्त होता. त्याच वर्षी अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी तिची जुनी प्रश्नभाषा काढून सर्वमान्य एसक्यूएल बसवली आणि ती ‘पोस्टग्रेस९५’ म्हणून प्रसृत केली. १९९६ मध्ये तिला ‘पोस्टग्रेसएसक्यूएल’ हे आजचे नाव मिळाले. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तिचा सांभाळ केला. दाराची चौकट तशीच होती. नव्या पाहुण्यांची वाट पाहत होती.

२१/
२००१ मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरातील ‘रिफ्रॅक्शन्स रिसर्च’ या संस्थेने ‘पोस्टजीआयएस’ प्रसिद्ध केले. बिंदू, रेषा, बहुभुज असे साधे भूमितीचे प्रकार पोस्टग्रेसमध्ये बर्कलीपासून होते. पण पृथ्वी गोल आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पोस्टजीआयएसने भौगोलिक प्रकार आणले, शोधासाठी जिस्टचा आधार घेतला. आज ओपनस्ट्रीटमॅप या जागतिक मुक्त नकाशाच्या प्रमाण चित्रफरशा पोस्टजीआयएसमधील माहितीवरून काढल्या जातात. १९७३ साली जे काम राहून गेले होते, ते बाहेरून आलेल्या पाहुण्याने पूर्ण केले.

२२/
दुसरा हात मॉस्कोहून पुढे आला. तेथील खगोलशास्त्रज्ञ ओलेग बार्तुनोव आणि त्यांचे सहकारी तिओदोर सिगायेव यांनी जिस्ट व्यवहारात वापरण्याजोगे बळकट केले. मजकुरातील शब्द शोधण्याची सोय त्यांनी आरंभी प्लगइन म्हणूनच लिहिली. २००८ च्या आवृत्ती ८.३ मध्ये ती गाभ्याचा भाग झाली. पाहुणा घरचा झाला. नवी कल्पना दारात पारखून घ्यावी, उपयुक्त ठरली तर आत वसवावी, असा परिपाठच पडला.

२३/
तोवर प्लगइन बसवणे मात्र किचकट होते. आज्ञांची लांबलचक फाईल चालवायची, की शेकडो क्रिया डेटाबेसमध्ये विखुरल्या जात. त्या कोठून आल्या, याचा मागमूस उरत नसे. नव्या आवृत्तीत स्थलांतर करताना फार हाल होत. सप्टेंबर २०११ मधील आवृत्ती ९.१ ने ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ ही आज्ञा दिली. एका ओळीत संपूर्ण प्लगइन एक गाठोडे म्हणून आत येते, त्याची आवृत्ती नोंदली जाते आणि काढायचे झाल्यास ते अख्खे निघते. २०२० च्या आवृत्ती १३ ने निवडक, निर्धोक प्लगइने सर्वोच्च प्रशासकाविनाही बसवण्याची मुभा दिली.

२४/
परक्या नियमावर विसंबण्याचा धोका २०१८ मध्ये निराळ्या वाटेने दिसला. शब्दांचा वर्णक्रम ठरवण्यासाठी पोस्टग्रेस सहसा कार्यप्रणालीच्या पायाभूत लायब्ररीवर अवलंबून असते. त्या वर्षी लिनक्सवरील ‘ग्लिबसी’च्या आवृत्ती २.२८ मध्ये हा क्रम बदलला. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या क्रमाने शोधला जाऊ लागला आणि असलेल्या नोंदीही ‘नाहीत’ असे उत्तर येण्याची वेळ आली. असे इंडेक्स नव्याने बांधणे हाच इलाज होता. ‘लहान’ आणि ‘मोठे’ यांचा अर्थ सांगणाऱ्याने तो अर्थ परस्पर बदलून चालत नाही, हा त्यातला बोध.

२५/
स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ‘पीजीव्हेक्टर’ नावाचे प्लगइन आले. त्याने ‘व्हेक्टर’ हा प्रकार आणला : शेकडो संख्यांची एक माळ, जिच्यात वाक्याचा किंवा चित्राचा आशय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रीतीने नोंदलेला असतो. दोन माळांमधील अंतर मोजणारी चिन्हेही त्यासोबत आली. आत घेण्याचा प्रोग्राम, बाहेर दाखवण्याचा प्रोग्राम, चिन्हांचे अर्थ, शोधाची पद्धत : आणेवारीसाठी जी सामग्री लागते, तीच येथेही लागली.

२६/
पोस्टग्रेसचा आराखडा लिहिणाऱ्यांना १९८६ साली या माळांची गरज ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भविष्यातले सगळे प्रकार त्यांनी ओळखले, असा त्यांच्या यशाचा अर्थ लावता येत नाही. आपल्याला ते ओळखता येणार नाहीत, हे त्यांनी वेळीच मान्य केले आणि ज्याचा नियम त्यालाच तो लिहू दिला. त्या निर्णयामुळे रोखेबाजाराचा फेब्रुवारी ३० दिवसांचा आणि दिनदर्शिकेचा २८ दिवसांचा, असे दोन्ही फेब्रुवारी एकाच डेटाबेसमध्ये, शेजारशेजारच्या रकान्यांत, बिनतक्रार नांदू शकतात.